टेंभखारच्या बांधावरची परकी माती

बंदराच्या मागच्या अंगाला, जिथं कंटेनरच्या गाड्या रांगा लावून अर्धा रस्ता खातात, तिथून डावीकडं खाली उतरलात की टेंभखार लागतं. गाव म्हणायचं आपलं. उत्तरेला तेलाच्या टाक्या, पश्चिमेला बंदराची भिंत, दक्षिणेला उड्डाणपूल आणि पूर्वेला जेवढी उरली आहे तेवढी खाडी. मधल्या जागेत माणसं कोंबली आहेत. एके काळी बारा घरं होती. आता किती हजार आहेत ते मोजायला येणारे मास्तरसुद्धा तिसऱ्या गल्लीत चहा पितात आणि अंदाजानं आकडा टाकून परत जातात.

खाडीच्या कडेनं जुना बांध गेला आहे. त्याला इकडं बाहेरकाठा म्हणतात. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून घातलेला बाहेरचा बांध, म्हणून बाहेरकाठा. आता आत भात नाही, गोदामं आहेत, पण बांध आहे. त्या बांधावर एका जागी दोन पुरुष उंचीचं टेकाड आहे. पुलाच्या खांबासाठी मागं त्याची एक कड कापली, तेव्हा पोटातलं दिसायला लागलं. तळाला काळी कुळकुळीत माती. तिच्यावर कोकणातली तांबडी. मग गंगेकडची पिवळट, काठेवाडची पांढरी, परत काळी, मध्येच नुसती वाळू. गोधडी उसवल्यावर आतले लुगड्याचे तुकडे दिसावेत तसं. माती तपासणारे लोक आले, नळी घातली, वर काढली आणि एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढ्याशा खाडीकाठी इतक्या मुलखांची माती आली कुठून, हे त्यांना काही कळेना. गावात विचारलं असतं तर पोरासोरानं सांगितलं असतं. पण शिकलेला माणूस जमिनीला विचारतो, माणसाला विचारत नाही.

ह्याला तिम्मीचं टेकाड म्हणतात. टेंभखारला कायमचं राहायला येणाऱ्यानं आपल्या मूळ गावची माती आणायची, चार माणसांसमोर टेकाडावर टाकायची आणि अनवाणी पायानं दाबायची, अशी रीत आहे. मग त्याला पुन्हा कुणी "तू कुठला?" म्हणून विचारायचं नाही. हल्ली सभेत पुढारी सांगतात की ही एकोप्याची खूण. एकोपा कसला डोंबलाचा! ही रीत संशयाच्या पोटची आहे. कशी ते ऐका. उन्हात उभे राहू नका, त्या भिंतीच्या सावलीला या.

गलबतांच्या दिवसांतली गोष्ट. तेव्हा मुंबई एक नव्हती, बेटं बेटं होती आणि मधून भरतीचं पाणी खेळायचं, असे सांगतात. सरकारनं ती बेटं जोडायला घेतली होती. एका बाजूचा डोंगर फोडायचा आणि दुसऱ्या बाजूच्या खाडीत टाकायचा, त्याला भरणी म्हणायचे. भरणीच्या कामाला कुठून कुठून माणसं येत. इकडं टेंभखारला मात्र बारा घरं, एक लहानसा डोंगर, त्याला टेंभ म्हणत, आणि डोंगराखाली भाताची खाचरं. खाचरं म्हणजे काय, तर खाडीतून चोरलेली जमीन. भरतीचं पाणी खाचरांपेक्षा पुरुषभर उंच चढायचं. मध्ये नुसता चिखलाचा बांध. तो फुटला की त्याला खांड पडली म्हणतात. एकदा खारं पाणी आत आलं की तीन वर्षं तिथं दाणा पिकत नाही. म्हणजे बारा घरांचा जीव त्या बांधावर होता.

तो बांध राखायचं काम जोमाकडं होतं.

जोमा पन्नाशीचा, काटकुळा, एका डोळ्यानं तिरपा बघणारा. बांध तो पायानं वाचायचा, म्हणे. रोज ओहोटीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालायचं. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात, आणि बिळावर पाय पडला की तिथली माती टाचेखाली जराशी दबते. बाकी कुणाला कळायचं नाही, जोमाला कळायचं. मग तिथं खणायचं, चिंबोरी काढायची, बीळ ठेचून बुजवायचं. त्याच्या वीस वर्षांत एकदाही खांड पडली नव्हती. ह्यामुळं गावात त्याला मान होता, आणि मान असलेल्या माणसाला येतो तसा त्याला वास यायचा. प्रत्येक गोष्टीत कुणाचा तरी डाव असल्याचा वास.

एका दुष्काळी सालात घाटावरून वडारांची अकरा बिऱ्हाडं आली. दगड फोडणारे, माती वाहणारे लोक. भरणीच्या कामावर होते, पण पावसाळ्यात भरणी बंद पडली, तेव्हा त्यांनी टेंभाच्या उतारावर पालं ठोकली. त्यांच्यात तिम्मव्वा नावाची बाई होती, चाळिशीची, विधवा. तिचा शब्द सगळे ऐकत. तिचा दीर मल्लाप्पा दिसायला पहाडासारखा, पण वहिनीनं मान हलवल्याशिवाय तो पाणीसुद्धा प्यायचा नाही.

गावानं त्यांना आधी काही म्हटलं नाही. जोमानं म्हटलं.

"परकी माणसं, हातान काम नाय, आणि डोंगरावर बसून दिवसभर आमचे खाचरांकडं बगतान. कशाला बगतान?"

त्याची बायको पदी चुलीपुढून म्हणाली, "डोंगरावर बसल्यावर खालीच दिसनार ना? वर बगून काय कावले मोजू देत?"

पदीची जीभ अशी होती. पण जोमाच्या डोक्यात किडा शिरला होता. तरीवाला, म्हणजे खाडीपार होडी नेणारा, त्यानं त्याला एक गोष्ट सांगितली होती. खाडीच्या वरच्या अंगाच्या एका गावात म्हणे एक परका आला. आपल्या गावची माती त्यानं वहाणांत भरली आणि दुसऱ्याच्या शेतात उभा राहिला. सरकारचा माणूस आला, तेव्हा देवाची शपथ घेऊन म्हणाला, "मी माझ्या स्वतःच्या मातीवर उभा आहे." शपथ खोटी नव्हती. देव काही करू शकला नाही आणि जमीन गेली. आता दिवाळीनंतर सरकारचा मोजणीदार टेंभखारलाही येणार होता, कुणाची जमीन कुठली ते लिहून घ्यायला.

जोमानं टेंभावर पाळत धरली. करवंदीच्या जाळीआड जाऊन बसायचा. पहिल्या सोमवारी त्याला दिसलं ते असं. वडारांच्या प्रत्येक पालात नारळाएवढं एकेक गाठोडं टांगलेलं होतं. सकाळी ती अकरा गाठोडी एका रांगेत ठेवली, हळद वाहिली, सगळ्यांनी डोकं टेकलं. दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी एक गाठोडं ढिलं झालं होतं म्हणून तिम्मव्वानं ते सोडून पुन्हा बांधलं. तेव्हा जोमाला आतलं दिसलं.

माती. काळी माती.

त्यानं हिशेब घातला. अकरा गाठोडी, अकरा जणांच्या वहाणा भरतील एवढी माती. तो तसाच खाली धावत आला आणि घरोघर सांगत सुटला. गाव बसलं. कुणी म्हणालं, करणीची असेल. कुणी म्हणालं, मेलेल्यांची राख असेल. एक म्हातारा म्हणाला, "विचारून तर बगा." पण त्याला कुणी पुढं बोलू दिलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, हे जोमाचं म्हणणं सगळ्यांना पटलं. ठरलं असं, की पिठोरी अवस पार पडू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी काठ्या घेऊन पालं उठवायची.

खरी गोष्ट काय होती, तीही सांगतो, कारण ती जोमाला पुढं कळली. वडारांचं गाव दुष्काळानं बसलं, विहिरीत वाळू उरली. निघताना प्रत्येक घरानं आपल्या परड्यातली माती बांधून घेतली आणि देवीपुढं नवस बोलले. जिथं आपल्याला कुणी हाकलणार नाही, तिथं ही माती टाकायची. टाकली की परतीची वाट बंद. मग मूळ गावी पाऊस पडो की सोनं पडो, मागं वळायचं नाही. म्हणून ती माती ते कुणाला दाखवत नसत. त्यांनाही भीती होती. कुणी चोरून भलत्या जागी टाकली, तर नवसानं आपण तिथंच अडकू. चार ठिकाणांहून त्यांना हाकललं होतं. टेंभखार पाचवं.

आता बघा कसं होतं. जोमा दिवसभर पाळतीवर, त्यात ओहोटीची वेळ निघून जायची. बांधावरून चालायची वेळ तीच. आधी एक दिवस चुकला, मग दोन, मग आठ. बांध कुठं पळून जातोय, असं त्यानं मनाशी म्हटलं. वीस वर्षांत कधी न झालेली गोष्ट झाली. जोमाचा पाय बांधाला लागेना झाला.

अवसेच्या दोन दिवस आधी तिम्मव्वा खाडीवर शिंपले वेचायला गेली होती. परतताना तिला बांधाच्या आतल्या अंगाला, तिवराच्या एका झुडपासमोर, भाताचा एक पट्टा पिवळा पडलेला दिसला. वाकून बघितलं तर बांधाच्या पायथ्याशी बारीक बुडबुडे येत होते. जन्म मातीत गेलेली बाई ती, तिला सांगायला कोण पाहिजे? ती सरळ जोमाकडं आली. जाळीमागं तो बसतो हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"काका," ती जाळीकडं बघत म्हणाली, "तिवरापाशी तुमच्या बांधाला घाम सुटलाय. आतनं पोकळ झालाय बघा. आजच्या आज दगड घाला."

जोमा जाळीतून उठला. डोक्यात काटे अडकलेले. लाजेनं त्याचा राग दुप्पट झाला.

"आमचे बांदाचं तू मना सांगतंस?"

"सांगू नको तर काय करू? पाणी तुमाला विचारून येणार हाय व्हय?"

"चल, निघ."

ती निघाली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "बसायचं तर त्या अंगाला बसा. हितं मुंग्या हायती."

घरी आल्यावर जोमानं हे पदीला सांगितलं. पदी म्हणाली, "मग जाऊन बगून या की."

"तीच तर त्यांची चाल हाय. मी तिवरापाशी गेलो की इकडं हे खाचरांन माती टाकनार."

"अवो, बांद राखायला ठेवलंय तुमाला का बाया राखायला?"

जोमा जेवला नाही. पण तिवरापाशीही गेला नाही.

पिठोरी अवसेचं उधाण भर दुपारी लागतं. त्या दिवशी वारा दर्याकडून होता, त्यामुळं पाणी नेहमीपेक्षा हातभर वर चढलं. जोमा उघाडीवर होता. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, भरतीला ते बंद ठेवायचं असतं. फळी ठोकून तो मान वर करतो तर तिवरापाशी काहीतरी हललं. आधी त्याला वाटलं गाय. मग बांधाचा बैलाएवढा तुकडा आतल्या अंगाला नुसता बसला, आणि त्या जागेतून पाण्याचा लोळ भातात शिरला.

जोमानं थाळा पिटला. बारा घरांतलं प्रत्येक माणूस धावलं. बायका लुगडी खोचून, म्हातारे काठ्या टाकून. चिखलाच्या टोपल्यामागून टोपल्या टाकायला लागले. पण खाडीचा चिखल तो, खाडीच्या पाण्यात साखरेसारखा विरघळायचा. इकडून टाकला की तिकडून गढूळ होऊन बाहेर. बघता बघता खांड दोन हातांची चार हात झाली. भात पोटरीत आलेलं. पाच खाचरं गेली.

वर टेंभावर वडार उभे राहून बघत होते. एकही खाली उतरेना. गावाला वाटलं, मेल्यांना आनंद झालाय. तसं नव्हतं. मल्लाप्पा सगळ्यांना अडवून धरत होता. त्यांनी भरणीच्या कामावर ऐकलं होतं, की खाडीकाठचे लोक खांड पडली की परक्या माणसाला धरून आत पुरतात, म्हणजे बांध टिकतो.

"वैनी, जाऊ नको," तो म्हणत होता. "त्यांना माणूस पायजे असंल. आपल्यातला."

तिम्मव्वा डोळ्यांवर हात धरून खाली बघत राहिली.

खाली जोमाला काही सुचेना. त्याला एकच दिसत होतं. ही खांड त्याची होती. खाडीनं पाडलेली नव्हती, परक्यांनी पाडलेली नव्हती. तो टोपली टाकून पाण्यात उतरला, खांडीत पाठ घालून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडची तिवराची मुळं धरली. छातीपर्यंत पाणी. धार थोडी मंदावली. पदी काठावरून ओरडत होती, शिव्या देत होती, रडत होती. तो हलला नाही.

"मल्ल्या," वर तिम्मव्वा म्हणाली, "आत त्यांचाच माणूस हाय. चल."

अकरा बिऱ्हाडं पहारी आणि पाट्या घेऊन खाली आली. मल्लाप्पानं एकट्यानं दोघांचा दगड आणला. वडारांनी दगड कसे रचले ते गाव तोंड उघडं टाकून बघत राहिलं. मोठा, त्याला टेकून मधला, फटीत चिपा, वरून मुरूम. अर्ध्या घटकेत खांडीला तोंड बसलं. पण फटीफटींतून पाणी पिचकारत होतं, आणि तेवढं राहिलं तरी सगळं पुन्हा उखडणार, हे त्यांना कळत होतं, जोमालाही कळत होतं. दगडांच्या मध्ये कमरेपर्यंत रुतून उभा होता तो.

"चिकण माती पायजे," मल्लाप्पा म्हणाला. "हितल्या चिखलानं काय व्हत न्हाय."

सगळे वडार तिम्मव्वाकडं बघायला लागले. घाटावरच्या काळ्या मातीचा गुण आहे. पाणी प्याली की फुगते, फटीत बसली की बोटभर जागा ठेवत नाही. आणि ती कुठं आहे, हे त्यांना माहीत होतं, आणि जोमालाही माहीत होतं.

तिम्मव्वा पाण्यात उतरून जोमाच्या समोर उभी राहिली. "काका, आमची माती हितं घालायची तर आमाला परत जाता येत न्हाय. नवस हाय. उद्या तुमी काठ्या घेऊन येणार म्हणून कळलंय मला. आधी सांगा, आमी ऱ्हायचं कुठं?"

अख्खं गाव काठावर. पाणी चढतंय.

असे सांगतात की तेव्हासुद्धा जोमाला संशय आला. माणूस पाण्यात बुडतो, संशय बुडत नाही. त्याच्या मनात आलं, ही वेळ साधून सौदा करते. माती बांधात गेली की बांध हिचा, आणि हिला काढायचं कसं?

"तुजी माती आमचे बांदात," तो दात वाजवत म्हणाला, "आणि मोजणीदार आला की उभी राहशील तिच्यावर. म्हनशील माजीच जमीन."

तिम्मव्वाला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती हसली. त्या पाण्यात उभी राहून हसली, म्हणे.

"माती तुमच्या बांधात अडकली, तर मी तुमची झाले का तुमी माझे झालात? अवो, आमी परकी, आज हाय उद्या न्हाय, म्हणूनच तुमचा भरवसा नव्हता न्हवं? आता पळता यायचं न्हाय. उद्या बांध फुटला तर आमची माती वाहून जातीया. तवा आमी धावू का न्हाय? तुमच्याआधी धावू!"

जोमानं तिच्याकडं तिरपं बघितलं. हे त्याच्या डोक्याला पटलं. दया, उपकार, माणुसकी, असलं काही त्याला कधीच पटलं नव्हतं. पण गहाण ठेवलेली वस्तू त्याला कळायची. ज्याची माती बांधात ओलीस पडली, तो बांध सोडून पळणार नाही.

"मग घाल," तो म्हणाला. "ऱ्हा टेंभावर. कोन काय बोलला तर मना सांग."

"तुमी बोललात तर कुणाला सांगू?"

"माजे बायकोला," जोमा म्हणाला. काठावरची माणसं त्याही वेळी हसली.

अकरा गाठोडी आली. सोडताना वडारांच्या बायका रडत होत्या, कारण आता गाव खरंच संपलं. पेंढा मिसळून माती मळली आणि फटीफटींत पायांनी ठेचली. जोमाला बाहेर ओढून काढलं आणि तो उभा होता त्या जागी शेवटचं गाठोडं, तिम्मव्वाचं, गेलं. माती पाणी प्याली, फुगली. पिचकाऱ्या बारीक झाल्या, मग थेंब झाल्या, मग थांबल्या. ओहोटी लागेपर्यंत गाव आणि वडार खांद्याला खांदा लावून बांधावर उभे होते, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाच खाचरं गेली होती, उरलेली सगळी वाचली. त्या जागी पुन्हा कधी चिंबोरीनं बीळ केलं नाही, असे सांगतात. खरं खोटं चिंबोऱ्यांना माहीत.

मोजणीदार आला आणि गेला. वडारांनी कसलीही शपथ घेतली नाही. मग जोमानं पंचांपुढं रीत घातली. इथून पुढं जो राहायला येईल त्यानं आपल्या गावची माती आणून बांधावर त्याच जागी टाकायची. टाकली नाही तर तो परत जाणारा, त्याला बांधाच्या कामात धरायचं नाही, त्याच्यावर विसंबायचं नाही. टाकली तर तो अडकला, त्याला कुठला म्हणून विचारायचं नाही. बघा, ह्यात प्रेम कुठं आलं? पण माणसं आली. गोदीत ओझी वाहणारे तांबडी माती घेऊन आले, गिरण्यांत तुटल्या सुताचा सांधा जोडणारे आले, लोखंड तोडणारे, तेलाच्या टाक्या बांधणारे, ट्रक चालवणारे. तिम्मव्वाच्या मातीवर टेकाड चढत गेलं, म्हणून ते तिम्मीचं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. जोमाला तसं वाटायचं.

दोन-तीन वर्षांनी एका सकाळी जोमा बांधावरून चालत होता आणि तिम्मव्वा टेकाडाला माती लिंपत होती. तिनं सहज विचारलं, "काका, तुमची माती कंची ह्यातली?"

"आमची कशाला? आमी इथलेच."

"हितं तर आधी पाणी व्हतं की. तुमीच म्हणता, बांध घालून जमीन काढली. मग पाण्यातनं निघालात व्हय?"

ती आपल्या कामाला लागली. तिला काही टोचायचं नव्हतं, असे म्हणतात. पण जोमा तिथंच थांबला. पाय चिखलात, टाचेखाली वीस-बावीस वर्षांच्या ओळखीचा बांध, आणि पहिल्यांदा त्याला आपलाच संशय आला. बांध घालणारे बांधाच्या आधी कुठं होते? बारा घरांच्या लग्नातल्या एका धवल्यात, म्हणजे गाण्यात, दक्षिणेकडून गलबत आल्याचं म्हणत. गावाचं नाव त्यात नव्हतं.

भात कापून झाल्यावर जोमा होडीनं दक्षिणेकडं गेला. खाडीमागून खाडी, गावामागून गाव. प्रत्येक बंदरात उतरून विचारायचा, "टेंभखारची बारा घरं इथून गेली का?" कुणी म्हणायचं ठाऊक नाही. कुणी कुत्रं सोडायचं. एका गावात धवल्यातल्या दोन ओळी तिथल्या बायका जशाच्या तशा म्हणत होत्या. जोमाचे डोळे भरले. तिथल्या पाटलाकडं त्यानं मूठभर माती मागितली. पाटलानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. परका माणूस, तिरपा डोळा, माती मागतोय.

"कशाला पाहिजे?" पाटील म्हणाला. "उद्या हक्क सांगायला? चल, हो बाहेर."

जोमानं भांडण केलं नाही. पाटलाच्या जागी तो स्वतः असता तरी हेच म्हणाला असता.

तो परत आला. गाव होडीकडं धावलं, तिम्मव्वाही आली. "आणली का?" कुणीतरी विचारलं. जोमा होडीतून उतरला. सरळ टेकाडावर चढला. वहाणा काढल्या. सगळ्यांसमोर उजवी मूठ पुढं केली आणि उघडली. काही नव्हतं तिच्यात. मग ती रिकामी जागा त्यानं पायानं दाबली, अगदी रीतीप्रमाणं, तीनदा. कुणी हसलं नाही. पदीसुद्धा नाही.

आजही टेंभखारला नवीन माणूस आला की प्लॅस्टिकच्या पिशवीत नाहीतर डब्यात माती घेऊन टेकाडावर येतो, टाकतो, दाबतो आणि निवांत घरी जातो. मग त्याला कुणी काही विचारत नाही. आणि आजही त्या जुन्या बारा घरांतल्या कुणाचं लग्न ठरलं, की आधी तो टेकाडावर चढतो, रिकामी मूठ उघडतो आणि नसलेली माती दाबतो. दाबून झाली तरी लगेच खाली उतरत नाही. थोडा वेळ तिथंच उभा राहतो, कुणी "तू कुठला?" म्हणून विचारतंय का, ह्याचा कानोसा घेत.